हराळीच्या जागी मारवेल

अप्पा, या उन्हाळ्यात मी तुमची हिरवळ खणून काढली. आई पायरीवर बसून बघत होती. गुडघ्यांमुळं तिला आता खाली बसता येत नाही, नाहीतर ती खुरपं घेऊन माझ्या शेजारी आली असती, मदत करायला की अडवायला ते सांगता येत नाही. मी पहिली कुदळ मारली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हळू. त्यांच्या हातची आहे." पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद तुकडा, पण तो उकरायला मला चैत्रातले चार रविवार लागले. हराळी कशी असते ते तुम्हाला मी काय सांगणार. वरून केसासारखी मऊ, आणि खाली गाठीगाठीची पांढरी दोरी, वीतभर खोल गेलेली. एक पेर जरी राहिलं तरी पुन्हा उठते. मी माती चाळणीनं चाळली. ऑफिसातले म्हणाले, औषध मार, आठ दिवसांत जळून जाईल. ते मात्र माझ्यानं झालं नाही. गावाकडं तुम्ही करायचात तसंच केलं. खणायचं, मुळ्या वर काढायच्या, उन्हात पसरून ठेवायच्या, आठ दिवसांनी पुन्हा खणायचं. मुळ्यांचा ढीग भिंतीजवळ वाळत पडला होता आणि येता जाता माझी नजर तिकडं जायची नाही.

तुम्ही ती हिरवळ कशी आणलीत ते आईनं मला इतक्या वेळा सांगितलंय, की मी ते स्वतः पाहिलंय असं वाटतं. तुम्ही कंपनीच्या गेस्ट हाउसवर माळी होतात. गारखेड्यात हे घर झालं त्या वर्षी तिथल्या लॉनच्या कडा छाटल्या, त्या छाटलेल्या काड्या साहेबांना विचारून पोत्यात भरल्या आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून आणल्या. दोन दोन काड्या बोटानं मातीत खोचत तुम्ही अख्खा रविवार अंगणात उकिडवे बसला होतात. त्याच आठवड्यात देवगाव रंगारीहून थोरले काका आले. त्यांनी दारातून बघितलं आणि चप्पल न काढता तिथंच उभे राहिले म्हणे. "हराळी लावायला लागलास व्हय रे? बापानं जन्मभर हराळी उपटली, पाठीचा कणा वाकला त्याचा, अन् तू तिला पाणी घालून वाढवतूस? गावात सांगू नको कुणाला." तुम्ही हसलात. म्हणालात, "दादा, वावरात ती तण असती. इथं तिच्यावर पाय ठेवून बघा." काकांनी पाय ठेवला नाही. शेतकरी माणूस हराळीवर मुद्दाम कसा पाय ठेवणार.

मी मात्र तिच्यावरच वाढले. आणि शिकले गेस्ट हाउसच्या लॉनवर. बालवाडीच्या फाटकाशी रोज उलटी करणारी पोर होते मी. शेवटी बाई म्हणाल्या, वर्षभर घरीच ठेवा. आई सकाळी दोन घरचा स्वयंपाक करायची, म्हणून तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून कामावर न्यायला लागलात, आणि त्या एका वर्षाची दोन वर्षं झाली. थंडीत लॉनवर दव पडलेलं असायचं, सगळं पांढुरकं. ते झाडायला तुमच्याकडं लांब लवचीक बांबू होता. दव तसंच राहिलं तर गवताला बुरशी धरते, म्हणून ऊन यायच्या आधी तो बांबू गवतावरून फिरवायचा. पण त्याआधी तुम्ही मला एक काडी द्यायचात. "काढ." मी दवातून काडी ओढत ओढत अक्षर काढते. पांढऱ्यात गडद हिरवा अ. माझ्यापेक्षा मोठा. तुम्ही कडेला उभे राहून बघताय. "पोट नीट गोल कर, माय. उपाशी दिसतंय ते." मग बांबू फिरतो आणि पाटी कोरी होते. अंक, उभी बेरीज, बाराखडी, सगळं मी त्या ओल्या गवतावर शिकले. शाळेत एकदम दुसरीत बसले तेव्हा माझं अक्षर एवढं मोठं यायचं, की एका पानावर तीनच शब्द मावायचे.

त्याच लॉनवर तुम्ही मला आणखी एक धडा दिलात. मी सहा वर्षांची असेन. गेस्ट हाउसच्या मॅनेजरनं सहज विचारलं, "हा पिवळा गुलाब कुणी तोडला गं?" गुलाब मी तोडला नव्हता. पण मला इतकी धास्ती भरली, की मी सगळंच सांगून टाकलं. गुलाब नाही तोडला, पण काल एक झेंडू तोडला होता, आणि हौदात थुंकले होते, आणि अप्पांच्या डब्यातली चटणी मुंग्यांना घातली होती, आणि मॅनेजरसाहेबांना मी मनात ढेरपोट्या म्हणते. मॅनेजर हसत हसत आत गेले. तुम्ही हसला नाहीत. कारंज्याच्या कठड्यावर मला बसवलंत आणि म्हणालात, "विचारलं तेवढंच सांगावं. पण तेवढं खरं सांगावं. काय?" मी म्हटलं, "विचारलं तेवढंच. पण खरं." मला तेव्हा केवढं हायसं वाटलं, ते तुम्हाला कळलं नसेल. सगळं सांगायची जबाबदारीच कुणीतरी काढून घेतली होती. पुढं ते वाक्य मी पाठ असलेल्या पाढ्यासारखं वापरलं. आजही वापरते. एकदा मात्र ते मी तुमच्यावरच वापरलं. त्याबद्दल मला लिहायचंय, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं आहे.

तो उन्हाळा आठव्या दिवशी पाणी येण्याचा होता. मी तेरा वर्षांची. पाणी आधी कॉलनीच्या मोठ्या टाकीत यायचं आणि तिथून गल्लीवार सोडायचं. त्या वॉल्व्हची चावी तुमच्याकडं होती. लोखंडाची, इंग्रजी टी सारखी, कमरेएवढी उंच. पगार नाही, काही नाही, लोकांनी आपणहून दिलेली. "माळीबुवांकडं द्या, त्यांना पाण्याची किंमत आहे," असं तेव्हाचे कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले होते. ते वरच्या गल्लीतले, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले काका. पाण्याच्या दिवशी तुम्ही घड्याळ बघून पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली असं पाणी सोडायचात आणि आपली गल्ली सगळ्यात शेवटी. आई चिडायची. "चावी घरात अन् हंडा कोरडा." तुम्ही चावी दाराआड उभी करायचात, देवाजवळच्या कोपऱ्यात, आणि आम्हाला तिला पाय लावू द्यायचा नाहीत.

त्या वर्षी सगळ्यांच्या कुंड्यासुद्धा जळाल्या होत्या. हिरवी होती ती फक्त आपली हिरवळ. कारण न्हाणीचं पाणी. न्हाणीच्या मोरीतून निघालेला पाइप तुम्ही मागच्या अंगणात आणला होता. तिथं खड्डा, खड्ड्यात विटांचे तुकडे, कोळसा, वाळू, वर कर्दळ, आणि त्यातून झिरपलेलं पाणी जमिनीत पुरलेल्या निळ्या टिपाडात. टिपाडाच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं. संध्याकाळी त्यातून सहा बादल्या निघायच्या. तीन तुम्ही न्यायचात, तीन मी. तुम्ही म्हणायचात, "आपण न्हालो, आता तिला न्हाऊ दे." मागचं अंगण रस्त्यावरून दिसत नाही. रस्त्यावरून दिसायचे ते फाटकाआतले हिरवेगार पंधरा फूट आणि दाराआडून डोकावणारी चावी.

मारुतीच्या पारावर कॉलनीची बैठक झाली. चौथ्या गल्लीला पाणी कमी येतंय, अशी तक्रार होती. कुणीतरी म्हणालं, "कमी येतंय की मधेच मुरतंय? एका घरी तर काश्मीर फुललंय." सगळे हसले. तुम्ही चावी घेऊन उभे होतात, कारण पाणी सोडून थेट तिथंच आला होतात. मी तुमचा डबा परत न्यायला आले होते. अध्यक्ष काकांना आरडाओरडा आवडत नसे. ते म्हणाले, "उगाच आरोप नकोत. ही पोरगी आहे ना, ही खोटं बोलत नाही, अख्ख्या कॉलनीला माहितीये. इकडं ये बेटा. तुझे वडील लॉनला पाणी घालतात?"

"हो."

"या टंचाईत पण?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"साधारण किती?"

"सहा बादल्या."

कोपऱ्यात माझ्या वर्गातली दोन मुलं सायकलवर एक पाय टेकून उभी होती. काका माझ्याकडं बघत थांबले होते. आता मला वाटतं, ते मुद्दाम थांबले असावेत, मला आणखी काही सांगायचं असेल तर सांगू द्यावं म्हणून. मी डब्याची कडी उघडली, लावली, उघडली, लावली. कुठलं पाणी, असं त्यांनी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्हीही माझ्याकडंच बघत होतात. रागानं नव्हे. मी दवात अक्षर काढत असताना बघायचात ना, पुढची रेघ ओढते की नाही म्हणून, तसं. मी रेघ ओढली नाही. मग तुम्ही पुढं झालात आणि चावी पाराला टेकवून ठेवलीत. म्हणालात, "पोरीनं सांगितलं ते खरंय." एवढंच. आणि माझ्या हातातला डबा स्वतः घेऊन घराकडं चालायला लागलात.

घरी आल्यावर तुम्ही हातपाय धुतलेत आणि आईला म्हणालात, "चहा ठेव." मी मधल्या खोलीत दप्तर उघडून बसले होते. स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येत होतं. गल्लीतून बातमी आपल्या आधी घरी पोचली होती. आई म्हणत होती, "अहो पण तोंड नव्हतं का तुम्हाला? न्हाणीचं पाणी म्हणून सांगायचं. घेऊन यायचं त्यांना मागं, टिपाड दाखवायचं. उघड्या डोळ्यांनी चोर ठरून आलात!" मग तुम्ही म्हणालात, "पोरगी बोलून गेल्यावर मी कोणत्या तोंडानं सांगू? म्हणजे तिनं अर्धं सांगितलं असं झालं असतं. चार लोकांत ती खोटी पडली असती." आई म्हणाली, "मग तिला आत बोलवा अन् विचारा." तुम्ही म्हणालात, "नाय. काय विचारायचं नाय तिला." नंतर चहाचा कप घेऊन तुम्ही मधल्या खोलीत आलात, बशीत ओतलेला थोडा चहा नेहमीसारखा माझ्यापुढं ठेवलात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "बरोबर सांगितलंस. विचारलं तेवढंच." अप्पा, पंधरा वर्षं मी ते वाक्य उलटंपालटं करून बघतेय. ती शाबासकी होती की रागावणं होतं? तुम्हाला टोमणा मारता येत नव्हता. म्हणून तर ते जास्त लागतं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही हिरवळीला पाणी घालणं बंद केलंत. मी बादली घेऊन टिपाडाजवळ गेले तर म्हणालात, "राहू दे. कर्दळीला घालू. हराळी मरत नसती, पावसात येईल." मला वाटतं, पुन्हा कुणी मला काही विचारू नये म्हणून तुम्ही तसं केलंत. पण वैशाखात पंधरा दिवसांत सगळं पिवळं पडलं आणि गल्लीनं ते बघितलं. चावी गेली अन् लॉन वाळली. आणखी कसला पुरावा पाहिजे होता लोकांना? एक मावशी फाटकाशी थांबून आईला म्हणाल्या, "बरं झालं बाई, खरं काय ते आपोआपच दिसलं." आई आत निघून आली आणि परातीतली कणीक जेवढी मळायला नको तेवढी मळत राहिली. त्या पावसाळ्यात हराळी आली, तुम्ही म्हणाला होतात तशी. पण त्यानंतर तुम्ही तिच्यावर बसलेले मला आठवत नाही. पुढच्या थंडीत, सकाळी दव झाडताना, तुम्ही गेस्ट हाउसच्या लॉनवरच कोसळलात. बांबू तुमच्या हातात होता, अर्धी लॉन झाडून झाली होती. हे मला तिथल्या स्वयंपाक्यानं सांगितलं. उरलेल्या अर्ध्यावर दव तसंच होतं, तेही त्यानं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक.

तुम्ही गेल्यावर आईनं टिपाडातून पुन्हा बादल्या काढायला सुरुवात केली. दिवसाढवळ्या, समोरच्या अंगणात, कुणी विचारावं म्हणून मुद्दाम. कुणीही विचारलं नाही. इतकी वर्षं तिनं ती हिरवळ राखली. मी शिकले, नोकरीला लागले. आणि नोकरी कसली, तर उस्मानपुऱ्यातल्या एका ऑफिसात लोकांच्या बंगल्यांच्या बागा कागदावर काढून द्यायची. लोक येतात, म्हणतात, "मॅडम, मस्त लॉन पाहिजे, पण मेंटेनन्स झीरो." मी त्यांना समजावते, की आपल्या शहराला लॉन परवडत नाही, टँकरचं पाणी गवतावर ओतणं बरं नाही, उंच वाढणारी, झुबक्यांची गवतं लावा, वर्षातून एकदा कापायची, एकदा रुजली की पावसावर जगतात. मी हे इतकं नीट सांगते, की लोक मान डोलावतात. आणि संध्याकाळी घरी येऊन मी तुमच्या लॉनवर चप्पल काढून चालायचे. हे त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

आईचे गुडघे गेले, बादल्या थांबल्या. मला सकाळी आठला निघावं लागतं आणि परतायला अंधार होतो. दोन उन्हाळे मी टँकरमधलं पाणी हिरवळीला घातलं. प्यायचं पाणी, अप्पा. तुमच्यावर जो आळ आला होता तो मी खरा केला. तेव्हा ठरवलं, की आता बास.

पहिल्यांदा तुमच्या ओळखीच्या नर्सरीवाल्या चाचांकडं गेले. त्यांची दाढी आता पांढरी झालीय, पण खुर्ची तीच. मी म्हटलं, "चाचा, लॉन काढायचीये. गवत पाहिजे. मारवेल आहे का? पवना?" चाचा माझ्याकडं बघतच राहिले. "माळीसाब की लॉन निकालरी तू? अल्ला." मग म्हणाले, "और मारवेल नर्सरी में कायकू मिलेगा बेटा, वो तो बकरी के मूं में मिलता." त्यांनी मला पंपास दाखवलं, पांढऱ्या तुऱ्यांचं, हल्ली लोक त्यापुढं उभे राहून फोटो काढतात. लाल फाउंटन ग्रास दाखवलं. दिसायला देखणं. पण त्याचं बी वाऱ्यानं उडतं आणि कुठंही रुजतं, म्हणून मी नको म्हटलं. पुन्हा आपल्या अंगणातलं काही दुसऱ्याच्या दारी जायला नको होतं मला. चाचांनी शेवटी वाळ्याचे सहा ठोंब दिले. "ये लेके जा. उनोच लगाए थे मेरे पास, पीछे की नाली पे. तेरे अब्बा का वाळा है, उसकू ना नक्को बोल." तुमच्या हातचा वाळा चाचांच्या मोरीवर एवढी वर्षं उभा होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मारवेलीसाठी मी पावसाळ्याच्या तोंडावर देवगावला गेले. थोरले काका आता ऐकू कमी येत असल्यामुळं फार मोठ्यानं बोलतात. बांधावर बसून मी ठोंब काढत होते आणि ते अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडत होते. "तुझा बाप इथून जाऊन हराळी लावत व्हता, तू मारवेल न्यायला आलीस! तुमच्या घरात समदं उलटंच हाय का गं? म्हशीला नेतीस का?"

"अंगणात लावायचीये, काका."

"खाणार कोण?"

"कुणी नाही. बघायची."

"बघायची?" काका विचारात पडले. मग स्वतः विळा घेऊन खाली बसले आणि जुन्या ठोंबांतून चांगले कोंब निवडून देऊ लागले. "ही घे. ही लई चिवट हाय. तीन वर्ष पाऊस नसला तरी मरायची नाय. तुझ्या बापासारखी नाजूक नाय ही." मग बोलता बोलता थांबले आणि नाक ओढलं.

मधे मारवेल लावली, मागच्या मोरीला वाळा, भिंतीच्या कडेनं रोशा, तिचा वास उन्हात चांगला येतो, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गवती चहा. हौस म्हणून बांधावरची कुसळी पण आणली होती. ती चूक झाली. दिवाळीत आईच्या नव्या साडीच्या काठात कुसळं घुसली आणि ती काढत आई दोन दिवस बसली. "तुझ्या बापानं कधी असलं टोचणारं लावलं नव्हतं," म्हणाली. कुसळी मी उपटली. शेजारचे म्हणतात, मोकळ्या प्लॉटसारखं दिसतंय, साप येतील. पण आता मार्गशीर्षात मारवेल तांब्याच्या रंगाची झालीय, सकाळी वारा आला की सगळी एका बाजूला झुकते, आणि आई चहा घेऊन पायरीवर बसते ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ. दव हिच्यावरही पडतं. पण ही उंच आहे, विरळ आहे, हिच्यावर अक्षर उमटत नाही. मी काडी ओढून बघितली.

हे पत्र लिहायचं कारण गेल्या महिन्यात घडलं. अध्यक्ष काका, आता अध्यक्ष नाहीत, काठी घेऊन हळूहळू फिरायला निघतात, ते फाटकाशी थांबले. गवताकडं बराच वेळ बघत होते. म्हणाले, "छान केलंस. याला पाणी लागत नाही ना?"

"नाही काका."

"हे बघ, तुझ्या वडिलांना त्या वेळी हे सुचलं असतं, तर तो सगळा प्रसंगच टळला असता. सज्जन माणूस होता."

आणि मी म्हटलं, "हो काका."

हो काका. अप्पा, माझं वय आता अठ्ठावीस आहे. पाराभोवती कुणी नव्हतं, सायकलवरची मुलं नव्हती, एक थकलेला म्हातारा होता आणि फाटक होतं. तरी मी विचारलं तेवढंच सांगितलं. चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दिवाणावर बसले होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काका, त्या वर्षी आम्ही लॉनला न्हाणीचं पाणी घालायचो. टाकीचं नाही. एक थेंबही नाही. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

ते काही वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "माहितीये मला. माळीबुवांच्या तेराव्याला आलो होतो ना, हात धुवायला मागं गेलो. ते निळं टिपाड बघितलं. बघितल्याबरोबर कळलं."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही गं," ते म्हणाले. आणि मग एकदम म्हाताऱ्या माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. "सांगायला पाहिजे होतं. माणूस गेला होता. आता काय उपयोग, असं वाटलं."

मी चावीचं विचारलं. ती भंगारात गेली असेल म्हणाले, नव्या टाकीला तसली चावी लागत नाही. निघताना त्यांनी मला थांबवलं. "पण तू का नाही बोललीस तेव्हा? मी थांबलो होतो तुझ्यासाठी. लहान होतीस, घाबरलीस असशील."

मी म्हटलं, "हो. घाबरले होते."

ते खोटं होतं, अप्पा. विचारलं तेवढंच सांगितलं, पण खरं नाही सांगितलं. मी घाबरले नव्हते. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही, पोचणार असता तर लिहिलाच नसता, म्हणून सांगते. त्याच महिन्यात मला पाळी यायला लागली होती. आई न्हाणीत माझे कपडे धुवायची आणि ते पाणीही त्याच मोरीतून त्याच टिपाडात जायचं. फडक्यावर माझे केस अडकलेले असायचे. सहाव्या बादलीला साबणाचा फेस असायचा आणि मला वाटायचं, त्यात आणखीही काही दिसतंय. तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्ही आनंदानं ते हिरवळीवर ओतायचात. पारावर काका थांबले तेव्हा मला फक्त ती सायकलवरची दोन मुलं दिसत होती, आणि "न्हाणीचं" हा शब्द माझ्या तोंडात आला होता. तो उच्चारला, की सगळी कॉलनी मागच्या अंगणात जाऊन त्या टिपाडात वाकून बघेल, असं मला वाटलं. मला लाज वाटली. एवढंच होतं ते.